जुनेराला वाफ

कुणी इस्त्री करताना कापडावर पाणी शिंपडलं की मला अजून नगरचं वाफघर आठवतं. वास तोच, गरम ओल्या सुताचा. फक्त त्यात बाभळीच्या लाकडांचा धूर नसतो.

लढाईची वर्षं होती ती. मी नगरात बायकांच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. लग्न झालं आणि वर्षाच्या आत कपाळ पांढरं झालं, म्हणून भावानं हट्टानं मला तिथं घातलं. गावानं काय काय तोंड वाजवलं ते सांगत बसत नाही. माझंही तोंड काही कमी नव्हतं. राग तर सदा नाकावर. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी माझं वाजायचं, मग मोठ्या सिस्टर मला वाफघराच्या पाळीवर पाठवायच्या. त्यांना वाटायचं ही शिक्षा आहे. मला तर ती खोली वॉर्डापेक्षा प्यारी होती.

मागच्या आवारात पत्र्याच्या छपराची ती खोली. मधोमध चुलाण, त्यावर जाड पत्र्याचं उभं भांडं, झाकणाला चहूबाजूंनी फिरकीच्या खिट्ट्या आणि वर वाफेचा काटा. त्या भांड्यात गोल ड्रम ठेवायचे. ड्रममध्ये फडकी, पट्ट्या, कापूस, नाळ बांधायचा दोरा. ड्रमच्या पोटाला भोकं असायची. वाफ देताना ती उघडी ठेवायची आणि बाहेर काढलं की लगेच पट्टी सरकवून बंद करायची. लढाईपायी रॉकेल मिळेना म्हणून लाकडं जाळायची, आणि नव्या पट्ट्या मिळेनात म्हणून जुन्याच धुऊन, उकळून पुन्हा वाफेला लावायच्या.

चुलाण सांभाळायला नगरातलेच एक म्हातारे चाचा होते. त्यांचं आणि आमचं एकाच गोष्टीवरून भांडण. आम्ही पोरी काम उरकायच्या नादात ड्रम दाबून भरायचो. चाचा झाकण उघडायचे, आत हात घालून बघायचे आणि ड्रम परत आमच्यापुढे सरकवायचे. "बाजाराची गाडी भरताय का, बाई? वाफेला आत जायला जागा नको?" मी चडफडत सगळं उपसून पुन्हा सैल भरायची. मग ते निखाऱ्यात भाजलेल्या शेंगा माझ्यापुढे टाकायचे, की माझा राग गेला. थंडीच्या सकाळी त्या उबदार भिंतीला पाठ लावून शेंगा खाल्ल्या, तसं सुख पुढं मला पगार सुरू झाल्यावरही मिळालं नाही. खरंच सांगते.

अशाच एका थंडीत भाऊ वहिनीला बैलगाडीतून घेऊन आला. वहिनीला दिवस भरत आले होते. याआधी तिची दोन मुलं गेली होती, दोन्ही जन्मली तेव्हा चांगली ठणठणीत. वहिनीला आई नव्हती, त्यामुळं दोन्ही बाळंतपणं आमच्याच घरी, शिंगणापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात झाली. आठवडाभरात पोरानं अंगावर पिणं सोडलं, तोंड मिटलं ते उघडेना, अंगाची कमान झाली आणि संपलं. दोन्ही वेळा तेच. गाव म्हणालं, सटवीनं नेलं. वहिनी दुसऱ्या वेळेनंतर बोलायचीच बंद झाली होती. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे तिसरं गेलं तर ही बी जाईल. मला ठावं हाय."

गाडीतून आई उतरली ती काखोटीला बोचकं मारून. मी ते ओळखलं आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे बाळंतिणीला आणि पोराला नवं कापड लावत नाहीत. जुनेरं लावतात, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी. ते ठीक आहे. पण ते बोचकं विटाळाचं, म्हणून घरात ठेवायचं नाही. ते गोठ्यात, आढ्याला टांगलेलं असायचं, बैलांच्या डोक्यावर. दोन्ही बाळंतपणांना तेच बोचकं खाली काढलेलं.

"आये, हे आत न्यायचं न्हाई," मी म्हणाले. वॉर्डात शुद्ध बोलायची मी, पण आईपुढं जीभ आपोआप गावाकडं वळायची.

"का गं? माझ्या सासूचं लुगडं हाय त्यात. तू बी त्यातच गुंडाळलेली हुतीस."

"मी जगले ते नशीब."

"मंग? त्याच लुगड्यात जगलीस न्हवं?"

आता या बाईपुढं काय बोलणार? मी कपाळाला हात लावला. शेवटी भाऊ मध्ये पडला आणि बोचकं वाफघरात आणायचं ठरलं. मी लुगडं झटकलं, साबणानं धुतलं, उकळलं. धुण्याआधी पदराच्या टोकाला गाठ दिसली होती. ती सोडली तर आत कागदाच्या पुडीत भैरोबाचा अंगारा. बेंबीला लावायला आणलेला. घरी विळ्यानं नाळ कापायची आणि वर हा अंगारा चोळायचा, अशी रीत.

बाजूला ठेवलेली ती पुडी आता चुलाणात टाकणार, तेवढ्यात वळून बघितलं तर आई दारात उभी. माझ्या हातातल्या पुडीकडे बघत होती. माझा हात थांबला. तिची दोन नातवंडं गेली होती, तिचाही जीव टांगणीला लागला होता, हे मला तिच्या तोंडाकडे बघून पहिल्यांदा कळलं. रागाच्या भरात मी फक्त तिची चूक बघत होते.

चाचांनी माझ्या हातातली पुडी घेतली, फडक्यावर अंगारा पातळ पसरला, फडकं सैल दुमडलं आणि ड्रममधल्या लुगड्यावर ठेवलं. म्हणाले, "जाऊ द्या वाफेत. माझ्या पिराची राख असती तर मी पण आणली असती."

मोठ्या सिस्टरांनी ड्रममधल्या फडक्यावरचा तो करडा थर पाहिला.

"हे काय आहे?"

"राख."

"वाफ दिलीस?"

"दिली."

"मग पट्टीच्या वरच लावायची. खाली लावलीस तर तुला घरी पाठवीन."

मुलगा झाला. नाळ दवाखान्याच्या कात्रीनं कापली, ड्रममधल्या दोऱ्यानं बांधली. वर पट्टी, पट्टीवर चिमूटभर अंगारा, आणि भोवती पणजीचं लुगडं. मग आम्ही सगळे त्या पोराच्या तोंडाकडे बघत बसलो. वहिनी त्याला पाजताना डोळे मिटून घ्यायची. पिणं थांबलं तर तिला बघायचं नव्हतं. मी पाळी संपली तरी हलायची नाही. ज्या दिवसांत आधीची दोघं गेली ते दिवस आले आणि सरले, आणि एका सकाळी पोरानं भुकेनं असं भोकाड पसरलं की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. वहिनी हसली. "लई खादाड हाय," म्हणाली. किती तरी महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकत होते. माझा जीव भांड्यात पडला.

आईनं मात्र सगळ्या वॉर्डाला सांगितलं की भैरोबा पावला. खाटेखाटेवर जाऊन सांगितलं. माझा पुन्हा तिळपापड झाला, पण चाचा म्हणाले, पोरगं जगलं ना, मग श्रेय कुणाला का जाईना. मी आईला अडवलं नाही. मला ते सोपं गेलं नाही.

घरी निघायच्या दिवशी आई वाफघरात आली. मी ड्रम भरत होते. ती दाराशी बसून माझे हात बघायला लागली.

"ह्या वाफेनं काय हुतं गं?"

मी सांगितलं. डोळ्यांना न दिसणारं विष असतं, गोठ्याच्या मातीत, शेणात. ते विळ्याला लागतं, कापडाला लागतं, तिथून पोराच्या बेंबीत जातं, आणि मग तोंड मिटतं. वाफेनं ते मरतं.

"लुगडं तेच हुतं," ती सावकाश म्हणाली. "अंगारा बी तोच. निसती वाफ न्हवती."

"व्हय."

"ती दोघं झाली तवा हा दवाखाना हुता?"

"हुता."

"आन् ही वाफ?"

मी चाचांकडे पाहिलं, तर ते उगाच लाकूड पुढं सारत होते.

"ती बी हुती, आये."

"गाडीनं एका दिसाची तर वाट हाय," ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. ती दोघं गेली तेव्हा आई रडली नव्हती. तेव्हा त्यांना सटवीनं नेलं होतं.