हॅम्बुर्गची विद्या आणि आमचा आड

मी जहाजावर नोकरीला होतो, म्हणजे मुखेडच्या मतानं वाया गेलो होतो. नांदेडला आयटीआय करून फिटर झालेला मुलगा एसटीच्या डेपोत लागतो. मी लागलो मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत. आमचं जहाज जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराला सारखं जायचं. हे बंदर समुद्रावर नाही, समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत नदीवर आहे, असं मी गावात सांगितलं तेव्हा "मंग मुखेडला बी येऊ दे की एखादं जहाज," असं पारावरून उत्तर आलं.

हॅम्बुर्गमध्ये माझं काम एकच. क्रेननं पेट्या उतरवल्या की जहाज हलकं होतं, वर उठतं आणि डुलायला लागतं. म्हणून त्याच्या पोटातल्या टाक्यांत पाणी भरायचं. मी व्हॉल्व्ह फिरवायचो, नदी आत यायची आणि जहाज शहाण्यासारखं बसायचं. या कामाचा मला इतका गर्व होता की सुट्टीवर आलो की कुणी विचारलं नसतानाही सांगत सुटायचो.

त्या सुट्टीत माझं लग्न जमत होतं. मुलगी लातूरची, शाळेत शिकवणारी. मी तिला पाहून आलो होतो आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून माझाच तोल गेला होता. तिनंही होकार कळवला होता. घोडं अडलं होतं तिच्या आत्यापाशी. मुलगी देण्याआधी मुलीकडची माणसं घर पाहायला येतात, आणि त्या दुष्काळात घर पाहणं म्हणजे आड पाहणं. आत्या स्वतःचा दोर घेऊन हिंडायची. आडात दोर सोडायचा, किती हात ओला होऊन येतो ते बघायचं, मगच पुढचं बोलणं. कोरड्या दोरावर तिनं तीन स्थळं मोडली होती. त्यात लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि आत्या स्वतःच कलेक्टर असल्यासारखी वागत होती.

आमचा आड संक्रांतीपासून कोरडा. आई रडकुंडीला आली. मला मात्र हॅम्बुर्ग आठवलं.

"रिकामं हाय तर भरू," मी म्हणालो. "दोन ड्रम ओतले की झालं."

"पाणी कुठून आणू, तुझ्या जर्मनीतून?"

आणलं शेवटी आईनंच. कुठून, ते मी विचारलं नाही. व्हॉल्व्ह फिरवला की पाणी येतं, एवढंच मला ठाऊक. पाहुणे नऊच्या गाडीनं येणार म्हणून मी आठला दोन्ही ड्रम आडात रिते केले. तळाशी पाणी काय सुंदर चमकलं! गाडी जांबजवळ पंक्चर झाली आणि पाहुणे एक वाजता पोचले. जहाजाचं पोट लोखंडाचं असतं आणि आडाचा तळ मुरमाचा, ही गोष्ट माझ्या विद्येत नव्हती.

आत्यानं दोर सोडला. वर आला तो टोकाला चिखल घेऊन. तिनं तो बोटांत चोळला, हुंगला.

"हे सकाळचं पाणी हाय. कुणी ओतलं?"

"मी," म्हणालो, आणि घाबरून तिला सगळं बंदर सांगून टाकलं. क्रेन, पेट्या, टाक्या, व्हॉल्व्ह. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार, हे ऐकून व्हते," ती म्हणाली. "पोहऱ्यानं आड भरणारा आज पाह्यला."

मग ती आईकडं वळली. "ताई, दोन ड्रम पाणी आलं कुठून?"

आईनं मान खाली घातली. "गल्लीनं दिलं. घरटी दोन-दोन घागरी. पोराचं जमावं म्हणून."

"पियाचं?"

"हाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि परवाच येऊन गेला होता. सगळी गल्ली निकाल ऐकायला आमच्या भिंतीशी उभी होती, आणि त्यांच्या तोंडचं पाणी मी मुरमाला पाजलं होतं.

आत्या भिंतीजवळ गेली. "का वो, न्हाई जमलं तर तुमचं पाणी वायाच गेलं की."

"मंग जमवा की," शेजारची म्हातारी म्हणाली. "मंजी वाया न्हाई जायाचं."

आत्यानं भिंतीशी उभ्या असलेल्या एकेकाकडं पाहिलं. मग तिनं दोर गुंडाळला. "पोरगी दिली," ती म्हणाली. "ह्या येड्याला न्हाई. ह्या गल्लीला दिली."

तोंड गोड करायला चहा करावा, तर गल्लीत कुणाकडं चहापुरतंही पाणी उरलं नव्हतं. आत्यानं पिशवीतून वाटेत प्यायला पाणी भरून आणलेला फिरकीचा तांब्या काढला आणि आईच्या हातात दिला. तेवढ्याचा चहा साऱ्या गल्लीत वाटला. एकेकाच्या वाट्याला घोटभरही आला नाही, पण सगळ्यांनी फुंकून फुंकून प्यायला.