संगीतानं केलेली पंज्यांची चादर

आमच्या संगीताला मी नेहमी म्हणायचे, "अगं, तुझ्या हाताचा कधी वास घेऊन बघितला का? सकाळी कणकीचा, दुपारी चिखलाचा अन् संध्याकाळी मेंढराचा. तुझा नवरा धुळाजी जवळ तरी कसा येतो बाई?" ती काय लाजायची न्हाई. ओला हात तसाच माझ्या गालाला फासायची अन् म्हणायची, "घ्या आत्या, आता तुमचा बी तसलाच."

संगीता म्हंजी आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीची मदतनीस. उमापूरच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच हाय वस्ती. अंगणवाडी अन् माझं घर यांच्यात एकच भिंत. ती बी बुटकी. त्यामुळं तिकडचं सगळं मला दिसतंय, अन् न दिसलं तर मी पाट्यावर उभी राहते, माझं काय जातंय?

मदतनीसचं काम म्हंजी झाडझूड करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची अन् घरोघर जाऊन लेकरं उचलून आणायची. शिकवायचं काम बाईचं. बाई म्हंजी भामाबाई. पण भामाबाईचे गुडघे गेलते. त्या खुर्चीत बसून कागदं लिहायच्या अन् लेकरं सगळी संगीताच्या पदराला.

बाजारातलं खेळणं एक नव्हतं तिच्यापाशी. टोपल्यावर जुनं लुगडं टाकायची. आत सरकी, चिंचोके, मेंढीची लोकर, मक्याच्या कणसाचे केस, एखादा गार गोटा. लेकरानं लुगड्याखालून हात घालायचा अन् न बघता सांगायचं काय लागलं ते. एकदा मला बी बसवलं. मी ऐटीत हात घातला, तर लिबलिबीत, थंडगार काहीतरी बोटाला चिकटलं! मी अशी वरडले की रस्त्यावरची मोटारसायकल थांबली. भिजवलेला साबुदाणा होता. तवापासून लेकरं मला "साबुदाणा आत्या" म्हणत्यात. म्हणू द्या.

कणीक मळून एक गोळा हळदीचा पिवळा करायची, एक बिटाचा लाल. त्याच्या चिमण्या, साप, नवरानवरी. चिपाडाची बैलगाडी. वाळल्या शेंगांचे खुळखुळे. डब्याला भोकं पाडून पाण्याची धार, अन् धारेखाली सगळी वरात नागडी.

धनाबाईचा नातू माऊली आला तवा मुठी गच्च मिटून आला. आईबाप ऊसतोडीला गेलते, पोरगं आजीपाशी. कशाला हात लावंना. बोटाला खिचडी लागली तरी रडायचा, पुसा पुसा म्हणायचा. आजी म्हणली, ह्याला देवऋषाला दाखवावं. संगीता म्हणली, "मला दाखवा की आधी." पहिलं तिनं त्याच्या गालाला लोकर लावली. मग मुठीत दिली. मग कोरडं पीठ. मग पिठात थेंबभर पाणी. दिवाळी झाली, संक्रांत झाली, अन् एक दिवस बघते तर हा बाबा कोपरापर्यंत चिखलात! संगीता नुसती त्याच्याकडं बघत बसलेली. इकडं खिचडी करपली. मी भिंतीवरून म्हणलं, "अगं ए, वास येतोय!" ती म्हणली, "येऊ द्या आत्या, आज करपलेलीच खातील."

भामाबाई तिला म्हणायच्या, "संगे, माझ्यामागं ही खुर्ची तुझीच. पण बारावी पाहिजे बघ." म्हणून ह्या बाईनं स्वतःच्या पोरी नांदायला गेल्यावर बारावी केली. खिचडी हलवता हलवता पाठ करायची. मी चेष्टा करायचे, "नवरदेव कोण बघितलाय मास्तरीनबाई?" पण पास झाली तवा वस्तीवर पेढे मीच वाटले. आता एकच गोष्ट राहिलती. भामाबाई निवृत्त होणार, अन् संगीता बाई होणार. मदतनीसाची बाई होता येतंय, फकस्त जागा निघली की येळेत अर्ज द्यायचा. भामाबाई म्हणल्या, "तू कावून तालुक्याला चकरा मारती? जागा निघली की मला आधी कळंल. मी सांगते तुला." संगीतानं चकरा सोडल्या. मानलेली थोरली बहीण हो तिची. दर दिवाळीला भामाबाई घरच्यांच्या आधी हिला साडी घ्यायच्या.

त्याच साली भामाबाईची सून, ऋतुजा, रोज अंगणवाडीत येऊन बसाय लागली. शिकलेली पोर. म्हणली, "काकू, घरात करमत न्हाई. मला बी शिकवा ना." अन् संगीतानं शिकवलं. कणीक किती सैल ठेवायची, चिमणीची चोच कशी चिमटायची, ओल्याला भिणाऱ्या लेकराला कसं हळूहळू आणायचं, सगळं. पोरीचा हात धरधरून. मी एकदा म्हणलं, "सगळंच देती का गं? थोडं ठेव स्वतःला." ती म्हणली, "आत्या, हे काय सोनं हाय का लपवाय?"

भामाबाईचा निरोपाचा कार्यक्रम ठरला तशी संगीता येडी झाली. म्हणली, साडी तर समदेच देतील, मी लेकरांकडून काहीतरी करून घेते. पांढरं मांजरपाट आणलं. पिठाची खळ शिजवली, एका ताटात हळद कालवली, एका ताटात गेरू. अन् अंगणवाडी सुटली की एकएक लेकरू मांडीवर घेऊन त्याचा पंजा बुडवायचा अन् कपड्यावर ठेवायचा. काय तो गोंधळ! एकीला गुदगुल्या व्हायच्या, एक हळद चाटून टाकायचा, एकानं पंजा माझ्या नव्या लुगड्याला पुसला. माऊलीनं दोन्ही हात उमटवले, एक पिवळा, एक तांबडा. परत परत विचारायचा, "माझे हात आता इथंच राहणार?"

त्या दिवसांत भामाबाई रोज तालुक्याला जायच्या. संगीताला वाटलं निवृत्तीची कामं असतील. उलट तीच म्हणायची, "बरं झालं बाई न्हाईत, न्हाईतर चादर दिसली असती."

कार्यक्रमाला मांडव घातला. आबासाहेब सरपंच माइकवर. संगीता नवीन काठापदराची नेसून, चादरीची पिशवी मांडीवर धरून माझ्याशेजारी. मी तिला कोपर मारलं, "आज भामाबाईला निरोप, अन् उद्या तुझ्या हाताखाली मदतनीस कोण? मला घे. मी खिचडी खाऊन घरी जात जाईन."

तेवढ्यात आबासाहेब म्हणले, "भामाबाईची उणीव आपल्याला भासणार न्हाई. कारण त्यांच्याच घरातल्या, त्यांच्या सूनबाई ऋतुजाताई, यांची निवड झालेली हाय."

टाळ्या वाजल्या. माझा हात टाळीला उचलला तसाच राहिला.

संगीतानं मागं वळून गावच्या शिपायाला, भारतला विचारलं, "भारत, जागा कवा निघलती रे?"

"निघलती की वैनी, निरोपाचा कार्यक्रम ठरला तवाच. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलं होतं. तुमी अर्ज कावून न्हाई दिला? आमी म्हणलो, वैनीला नको असंल."

"भामाबाईला माहीत होतं?"

"त्यांनीच तर मला लावाय सांगितलं."

अन् अंगणवाडीचं काम उरकून ग्रामपंचायतीकडं जायचं, तर जातंय कोण? त्या येळेला तर ही मांडीवर लेकरू घेऊन पंजे उमटवत होती. भामाबाईसाठी.

तिनं पिशवीची गाठ मारली. मला म्हणली, "आत्या, मी घरी जाते." मी म्हणलं, चल. पण उठतो न उठतो तर माऊली आला पळत. "अक्का, आमचे हात दे ना!" त्याच्यामागं सगळी पलटण. "हात! हात!" संगीता पिशवी वर उचलाय लागली, लेकरांनी खालून ओढली. कुणाला रागवायचं? ज्यांना तिनंच हिसकायला, धरायला, चाचपायला शिकवलं, तीच ती. पिशवी फाटली. चादर घेऊन माऊली पळाला अन् त्यानं ती भामाबाईच्या मांडीवर पसरली.

भामाबाईनं बघितलं अन् रडाय लागल्या. खोटं न्हाई सांगत, खरं रडल्या. चादर अंगावरनं घेतली, फोटो काढले. मग म्हणल्या, "संगे, इकडं ये. तुझ्याशिवाय मला कुणी केलं असतं का असं?"

संगीता गेली. सगळी वस्ती बघत होती. ती हळूच म्हणली, पण माइक जवळ होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. "बाई, मला नुसतं सांगायचं तरी होतं. मी तुमच्या सुनेसाठी मागं सरले असते. खरंच सरले असते."

भामाबाईनं चादरीत तोंड घातलं. ऋतुजा खाली बघत होती. आबासाहेबांनी लगबगीनं चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं ही येत न्हाई. पण आली. झाडलं, पाणी भरलं, लेकरं आणली अन् चुलीपाशी जाऊन बसली. ऋतुजानं हाक मारली, "काकू, खेळायला घ्या ना लेकरं."

"मी मदतनीस हाय बाई. खेळ तुमच्याकडं."

'बाई' म्हणली तिला. कालपरवापर्यंत 'पोरी' म्हणायची.

मी भिंतीवरून म्हणलं, "अगं, लेकरांनी काय घोडं मारलंय? त्यांच्यावर कावून राग?"

"राग न्हाई आत्या. पण मी एक खेळ दाखवला की तो उद्या तिचा होतोय. माझ्यापाशी आता लईच थोडं राहिलंय."

तेवढ्यात माऊली कणकीचा गोळा घेऊन चुलीपाशी आला. "अक्का, चिमणी कर." तिनं हात पदराला पुसले. पुसतच राहिली. मला वाटलं आता घेती. पण म्हणली, "बाईकडं जा. बाई करून देती."

त्या पोराला उलगडंना. तिच्या तोंडाकडं बघितलं, गोळ्याकडं बघितलं अन् गेलं आत. आम्ही दोघी कान देऊन. मी मनात म्हणलं, आता रडतंय. आता 'अक्काच पाहिजे' म्हणून पाय आपटतंय. माझ्या जिवाला तेच पाहिजे होतं, काय सांगू.

अन् आत माऊली खदाखदा हसला. "उडाली! परत, परत!"

संगीता पातेल्यात बघत होती. "चांगली केली असंल चिमणी," ती म्हणली. "चोच मीच शिकवलीय तिला."

मला दुसऱ्याला हसवायची सवय. त्या दिवशी मात्र मी पाट्यावरून उतरले अन् घरात गेले.