दोन शिड्यांची खोली

निखिलचा फोन आला तेव्हा मी भाजीच्या ठेल्यापाशी उभी होते. "बुआ, पापा नहीं रहे," तो म्हणाला आणि मी म्हणाले, "अच्छा." फोन ठेवला, अर्धा किलो कुंदरू, म्हणजे तोंडली, घेतले, घरी येऊन ते धुतले, चिरायला बसले. निम्मे चिरून झाल्यावर मला कळलं की दिगूदादा गेला. मग मी विळी तशीच ठेवून उठले आणि कुठे जायचं तेच सुचेना, म्हणून पुन्हा तिथेच बसले.

दिगंबर माझा चुलतभाऊ, निखिल त्याचा मुलगा. मधे सहा आठवडे गेले. त्याच्याबद्दल काहीतरी लिही असं नातेवाईक म्हणतात. तो सज्जन होता, वक्तशीर होता, त्याने आयुष्यात कधी वाकडी रेघ मारली नाही, हे सगळं खरंच आहे आणि ते कोणीही लिहील. मला मात्र एका व्हिडिओ गेमबद्दल लिहायचं आहे. हसू आलं तर हसा, पण माझं घोडं तिथेच अडलंय.

मी तेव्हा तेरा वर्षांची. बाबा रेल्वेत, आमचं घर चौबे कॉलोनीत. दिगूदादा वर्ध्याहून नोकरीसाठी रायपूरला आला आणि आमच्या पुढच्या खोलीत राहू लागला. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तो ड्राफ्ट्समन होता, म्हणजे घरांचे नकाशे काढायचा. दिवाळीच्या आधी आईने त्याला पडद्यांचं कापड आणायला पंडरीच्या कापडबाजारात पाठवलं, आणि हा परतला तो काखेत टीव्हीला जोडायच्या गेमचा डबा घेऊन. कापड विसरलाच. आई आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "पोट्ट्याले पडदे आणाले पाठवलं होतं, पाहा काय घेऊन आला." त्या दिवाळीत आमच्या खिडक्या उघड्याच राहिल्या.

गेमच्या कॅसेटवर परक्या लिपीत काहीतरी छापलेलं होतं, त्यामुळे त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. एक टोपीवाला माणूस, एक किल्ला, खड्डे, शिड्या, किल्ल्या. गंमत अशी की दादाला खेळता येत नव्हतं. ज्या हाताने तो केसाइतकी बारीक रेघ ओढायचा, त्याच हाताच्या अंगठ्याला उडी जमत नव्हती. पहिल्याच खड्ड्यात तो वीस वेळा पडला. एकविसाव्या वेळी त्याने रिमोट माझ्या हातात दिला, टेबलावर ग्राफ पेपर पसरला आणि म्हणाला, "तू खेळ. मी काढतो."

मग दोन वर्षं आमचं तेच चाललं. मी एक पडदा, म्हणजे टीव्हीवर एका वेळी दिसेल तेवढा भाग, पार करायचे, थांबण्याचं बटण दाबायचे, आणि दादा फूटपट्टी घेऊन टीव्हीच्या काचेला नाक लावायचा. भिंत किती, पायरी किती, खड्डा किती. पुन्हा टेबलावर. माझ्या मैत्रिणी एकदा हे पाहून गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्याचा नियम एकच होता, आणि तो त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता, "डोळ्यानं पाह्यलं तर पक्की रेघ. ऐकलं असन, वाटलं असन, तर तुटक."

आजकालची मुलं गेमबद्दल तासन्‌तास बोलतात म्हणे. दादा तेव्हा बोलायचा, आणि ऐकायला फक्त मी. गेम बनवणाऱ्याला तो 'बांधणारा' म्हणायचा, जणू कुठल्याशा वस्तीत तो ठेकेदार अजून राहतो. पहिला खड्डा उथळ होता, त्यात पडलं तरी बाहेर येता यायचं. दुसऱ्यात पडलं की मेलं. दादा म्हणाला, बांधणारा सरळ माणूस आहे, आधी शिकवतो, मग मारतो. नाणी हवेत कमानीसारखी का टांगली आहेत, तर उडी तशीच मारायची आहे म्हणून. पुढे जिथे जायचं तिथली किल्ली तो आधीच जाळीआडून दाखवतो, हात पोचत नसताना, म्हणजे आपल्या मनात वाट आधी तयार होते. तिसऱ्या मजल्यावर उडीच्या ऐन मधे बाहेरून एक पक्षी येऊन धडकायचा. तिथे दादाने कागदावर लाल शाईने 'ही लबाडी' असा शेरा मारला, आणि दोन दिवस त्याचा मूड गेला होता.

चौथ्या मजल्यावर मात्र तो अडला. नकाशा जुळवल्यावर एका भिंतीमागे पडदाभर जागा उरत होती. वरून वाट, खालून वाट, दोन्ही बाजूंनी वाट, आणि मधे काहीच नाही. मी प्रत्येक विटेवर उड्या मारून पाहिल्या. दादा म्हणायचा, "मले सांग विदे, एवढी जागा कोणी उगाच सोडते का? खोली आहे तिथं. दार सापडून नाही राहिलं." आता मला वाटतं, त्याचं समीक्षण इथेच चुकलं. चौरस फुटाने प्लॉट विकत घेणाऱ्यांची घरं काढण्यात त्याचे दिवस जायचे. गेममधली जागा फुकट असते, ती वाया गेली तरी कोणाचं काही जात नाही, हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. त्याने ती खोली तुटक रेघेने काढली आणि आत काहीच काढलं नाही.

मग त्याला भिलाईला चांगली नोकरी लागली. तो सामान बांधत होता. नकाशांची गुंडाळी करताना म्हणाला, झालं आपलं काम, एक खोली राहिली तर राहू दे. भिलाई काही लांब नाही, पण तो आता येणार कशाला, असं मला वाटलं... आणि मी म्हणाले, "दादा, मी काल त्या खोलीत गेली होती."

तो खालीच बसला. आत काय होतं, त्याने विचारलं. मी म्हणाले, दोन रांजण, एक लहान खिडकी, आणि एक शिडी, छताला टेकलेली, वर कुठेच न जाणारी. कशी गेलीस? ते आठवत नाही, उडी मारली आणि गेले. त्याने गुंडाळी सोडली, पेन्सिल काढली आणि रांजण, खिडकी, शिडी, सगळं तुटक रेघेने काढलं. खाली लिहिलं, 'विद्याने सांगितले, पाहणे बाकी.'

ते पाहायला तो दर रविवारी भिलाईहून येऊ लागला. दुपारी जेवून आम्ही टीव्हीसमोर बसायचो, मी भिंतीवर उड्या मारायचे, तो फूटपट्टी घेऊन वाट पाहायचा. माझी दहावी झाली, बारावी झाली, तरी तो येत होता. एकदाही मला म्हणाला नाही की तू खोटं बोललीस. पुढे त्याचं लग्न झालं, माझं झालं, टीव्ही बदलला, आणि खोलीचा विषय निघेनासा झाला. तो त्या खोलीसाठी येत होता की माझ्यासाठी, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. आता रोज विचारते.

शेवटची भेट नवा रायपूरला, निखिलच्या घरी. तिकडे बस क्वचित, म्हणून निखिल मला गाडीने घेऊन गेला. दादा खिडकीशी बसला होता, अंगावरचा स्वेटर दुसऱ्या कोणाचा असावा इतका ढगळ दिसत होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. चहा आला. आणि एकदम, काल सोडलेलं बोलणं पुढे न्यावं तसं त्याने विचारलं, "विदे, ती शिडी कोणत्या बाजूनं होती?"

तीसहून जास्त वर्षं झाली होती. खरं सांगायची ती वेळ होती. पण त्याचा चेहरा पाहून माझी हिंमत झाली नाही. मी म्हणाले, "डावीकडे."

त्याने कप हातात घेतला. मग म्हणाला, "हव. डावीकडे." आणि चहा प्यायला.

तेराव्यानंतर निखिल एक लांब नळकांडं घेऊन आला. पापांनी बुआला द्यायला सांगितलं होतं, म्हणाला. आत सगळे मजले होते, दादाची लाल शाई होती, लबाडीचा पक्षी होता. चौथ्या मजल्याचा कागद सर्वांत वर. त्यावरची खोली आता पक्क्या काळ्या रेघेत होती. दोन रांजण, खिडकी. उजवीकडे शिडी, जुन्या तुटक पेन्सिलवरून शाई फिरवलेली... म्हणजे पंधराव्या वर्षी मी उजवीकडे म्हणाले होते. आणि डावीकडे दुसरी शिडी, नवीन, रेघ वाकडी गेलेली. एका पडद्याच्या खोलीत दोन शिड्या, दोन्ही कुठेच न जाणाऱ्या.

मला हे काही कळत नाही. प्रामाणिक ड्राफ्ट्समनने दोन्ही साक्षी नोंदवल्या, असं एकदा वाटतं. मग वाटतं, त्याने मला शेवटी पकडलं आणि मनाशी हसला. आणि मग वाटतं, त्याने मला त्या पहिल्याच दिवशी पकडलं होतं, सामान बांधताना, आणि तरीही दर रविवारी आला. हे तिसरं मनात आलं की मी रडते. आणि पक्की रेघ का? न पाहिलेलं त्याने आयुष्यात कधी शाईने काढलं नव्हतं.

त्याच्या प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. नकाशा कोणी काढला, त्याचं नाव आणि सही. कोणी तपासला, त्याचं नाव आणि सही. तपासणाऱ्याने सही केली की चूक त्याचीही होते, असं दादा सांगायचा. आमच्या गेमच्या सगळ्या कागदांवर तपासणाऱ्याची जागा कोरी आहे, तपासणार कोण होतं? चौथ्या मजल्यावर मात्र तिथे त्याने लिहिलंय, 'विद्या'. पुढे सहीपुरती जागा सोडली होती.

तो कागद सध्या माझ्या जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली आहे. निखिल म्हणाला, मोबाइलवर शोधलं तर दोन मिनिटांत कळेल तिथे काय आहे. मी त्याला नको म्हणाले, काय आहे ते मला माहीत आहे. सही केली तर मी तिसऱ्यांदा खोटं बोलले, आणि नाही केली तर दादाचा एवढा एक नकाशा अर्धा राहतो. रोज ताट ठेवताना ती मोकळी जागा दिसायची आणि मी ताट तिच्यावर सरकवायचे. गेल्या रविवारी दुपारी जेवून मी काच उचलली, कागद बाहेर काढला आणि त्या मोकळ्या जागेत सही केली. बरोबर केलं का, ठाऊक नाही. सहीची रेघ तुटक ठेवली.