मी झाडलेला फुटपाथ

आमची ही गेली त्या वर्षी मुलानं मला जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आणलं. तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. मी चौथी शिकलेला, सगळी नोकरी पुण्यात महापालिकेचे रस्ते झाडण्यात गेली. इथं काम नाही. जेवायचं आणि फिरायचं.

मुलाला घरं घेण्याचं खूळ लागलेलं. एक स्वस्तात घ्यायचं, भाड्यानं द्यायचं, मग दुसरं. बँकेचे हप्ते थकले की घर लिलावात जातं आणि कोर्टाच्या फळ्यावर कागद लागतो.

"कागद लागला की गर्दी होते, बाबा. त्याआधी मालकाला गाठायचं. तुम्ही फिरताच, तर बघत चला. दिवसा शटर खाली, गवत वाढलेलं, टपालपेटीत पिवळी पाकिटं. ती कोर्टाची असतात."

"म्हणजे गिधाडासारखा हिंडू?"

"अहो, त्यात त्याचंही भलं असतं."

तिसऱ्या आठवड्यात तसं एक घर सापडलं. पेटीतनं पिवळी पाकिटं बाहेर लोंबत होती. फुटपाथवर पानं कुजून चिखल झालेला. माझ्याच्यानं बघवेना. दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन गेलो आणि झाडून काढलं.

आतून माझ्याच वयाचा म्हातारा आला. मागं खुंटीवर बाईचा निळा कोट. मी कोटाकडे बोट केलं, त्यानं आभाळाकडे. मी बौद्ध माणूस, आभाळात कुणी मानत नाही. तरी मीही वर बोट केलं. बोलणं झालं.

मग रोजच झाडायला लागलो. काही दिवसांनी त्यानं एक शटर वर केलं.

"काही दिसलं का?" मुलगा विचारायचा.

"नाही."

एकदा त्या गल्लीतनं आमची गाडी गेली. सून म्हणाली, "इथं सगळं किती स्वच्छ आहे. इथं कोण अडचणीत असणार?" मला बरं वाटलं. गाढव मी.

उन्हाळ्यात मुलगा कोर्टातनं कागद घेऊन आला. त्यावर त्याच घराचा फोटो, खाली माझ्या हातचा फुटपाथ. नकळत मी त्यावर बोट ठेवलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आधी सांगायचं ना. मी त्याला बरी किंमत दिली असती, वर्षभर तिथंच राहू दिलं असतं. आता लिलावानंतर त्याच्या हाती काय उरणार?"

 

लिलावानंतर एकदा गेलो. सगळी शटरं खाली. दाराच्या काचेतनं आतली खुंटी दिसत होती. कोट नव्हता. नेला त्यानं बरोबर.

फुटपाथ झाडला आणि घरी आलो.