कारण: घरगुती अडचण

माजलगावात तहसीलसमोर फॉर्म भरून देणाऱ्या चाचांचा पंखा फिरताना मी कधी पाहिला नव्हता. कुणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्यानं वारा घ्यायचा आणि एका बोटानं टाइप करत प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचायचा, ही त्यांची पद्धत.

बारावीनंतर मला वर्षभर दिंद्रुडला मामाकडं मोटार वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारींच्या तारा नव्यानं गुंडाळायचं काम, शिकायचं होतं. घरचे म्हणाले, गॅप पडला की स्कॉलरशिप गेली. मी रडकुंडीला येऊन चाचांना विचारलं.

"काहून जाईल स्कॉलरशिप? गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. जा, शिकून ये."

वर्षानं इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि मी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला गेले. गॅपचं कारण चाचा कुणालाच विचारत नाहीत. सगळ्यांना 'घरगुती अडचण'. माझ्याही प्रतिज्ञापत्रात तेच टाइप झालं. मग माझ्याकडं बघून त्यांनी ते खोडलं आणि अख्ख्या रांगेला ऐकवत लिहिलं, "मोटार वाइंडिंग शिकत होते."

मी सहीला पेन उचललं, तर त्यांनी कागद मागं ओढला.

"थांब बेटा. खोटं प्रतिज्ञापत्र आमी करत न्हाई," म्हणाले आणि बंद पंख्याखाली स्टूल सरकवलं.