ऐंशी पावलांवरून

सेवकराम पेंटरला सकाळपासून एका जागी बूड टेकवून बसता येत नव्हतं. गोंदियातल्या एका मंगल कार्यालयात जिल्हा कला महोत्सव भरला होता. त्याचं चित्र भिंतीवर लागलं होतं, आणि चार वाजता नागपूरचे परीक्षक पाच चित्रं निवडून तिकडच्या मोठ्या प्रदर्शनाला नेणार होते. तोवर माणसाने गुमान चहा पीत बसावं की नाही? पण हा दर दहा मिनिटांनी उठे, चौकट कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवी आणि परत येऊन बायकोला विचारी, "सरळ दिसून राहिलं ना?"

"किती खेपा विचारता जी?" धुरपताबाई म्हणाली. "आता भिंत वाकडी होईल, पन तुमचं चित्र नाही होत."

नवेगाव बांधच्या या गड्याने तीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवले. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे रात्रभर नाटकं चालणाऱ्या जत्रा, लागल्या की नाटकवाले त्याच्या अंगणात ठाण मांडून बसत. राजवाडा, जंगल, पाटलाची माडी, जे सांगाल ते. आता छापील फ्लेक्स आले आणि धंदा बसला. पण त्याला आतून कुरतडत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं टाळ्या पडल्या त्या नटांना. पडद्याकडे कोणी पाहिलं का? आपण चित्रकार आहोत की नुसते कापड रंगवणारे, हे त्याला एकदा कोणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्याने नाटकाशिवाय चित्र काढलं. नवेगावचा तलाव, दुपारची वेळ, काठाला बांधलेली एक लाकडी होडी, डोंगा. सहा फूट बाय चार.

आणि तिथेच गाडं अडलं. पडदे रंगवणाऱ्याचा हात चालतो तो शेवटच्या रांगेसाठी. जवळून पाहिलं तर नाक म्हणजे एक फराटा आणि पाणी म्हणजे निळे-पांढरे ठिपके. मांडवाच्या टोकाला बसलेल्याला मात्र सगळं जिवंत दिसतं. तलावही त्याने त्याच हाताने रंगवला. आणि इथे अरुंद दालनात समोरासमोरच्या भिंतींत अंतर होतं जेमतेम दहा फूट.

लोक येत, वाकून बघत, पुढे सरकत. एका पोरीने तर चित्राकडे पाठ करून सेल्फी काढला.

चारला परीक्षक आले. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळ वाकले. "विषय चांगला आहे. पण फिनिशिंग नाही हो. घाईत केलंत का?"

दोन महिने खपलेल्या माणसाला हे विचारावं! "साहेब, जरासे मागं सरका," सेवकराम म्हणाला. "आनखी. आनखी मागं."

परीक्षक मागे सरकले ते थेट समोरच्या भिंतीला टेकले. तिथली एक चौकट त्यांच्या डोक्याला लागली. आता मात्र सेवकरामला राहवेना. त्याने तलाव खिळ्यावरून उतरवला आणि दोन्ही हातांनी कवटाळून तडक दाराबाहेर पडला.

"अंकल, बाहर कहाँ ले जा रहे हो?" संयोजक हिमांशू मागे धावला. "नियम है!"

नियम गेला खड्ड्यात! कार्यालयामागे लग्नाच्या पंगतींचं मोठं पटांगण होतं. सेवकराम त्याच्या पार पलीकडच्या कुंपणाशी गेला आणि दोन्ही हातांनी चित्र छातीपासून वर उचलून धरलं. त्यामुळे त्याचा स्वतःचा चेहरा झाकला गेला आणि समोरचं काहीच दिसेना. "साहेब, आता पाहा तिथून!" तो चित्रामागून ओरडला.

कोणाची तरी पावलं वाजली. फोन वाजला. मग सगळं शांत झालं. त्याने किती वेळ तसंच धरून ठेवलं, देव जाणे. शेवटी हिमांशूचा आवाज आला, "अंकल, सर तो आये ही नहीं. लिस्ट हो गयी. अगली बार."

सेवकरामने चौकटीच्या कडेने डोकावलं. हिमांशू पाठमोरा चालला होता. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी, ऐंशी पावलांवर, एकटी धुरपताबाई उभी होती. डोक्यावरचा पदर खाली आला होता, त्याचं तिला भानच नव्हतं.

"गेले ना सारे?" तो ओरडून म्हणाला. "चल, बस पकडू."

"पानी हालून राहिलं जी," ती तिथूनच म्हणाली.

"काय?"

"तलावाचं पानी. हालून राहिलं." मग तिचा आवाज चढला. "तीस वर्सं तुमचे पडदे मी शिवले, वाळवले, त्याहिच्यावर पाय देऊन घरात फिरली. मले वाटे, हे नुसते डाग. मंडईच्या राती मी पाहुण्याचा सैपाक करत बसे चुलीपाशी. एक खेप तरी म्हनलं का तुमी, चल, मांडवात बसून पाहा? काऊन नाही म्हनलं?"

सेवकरामला भयंकर लाज वाटली. तो चित्र खाली टेकवू लागला.

"खाली नका ठेवू!" धुरपताबाई ओरडली. "मले पाहू द्या अजून."

त्याने चित्र पुन्हा वर उचललं. हात भरून आले होते, तरी तो त्यामागे उभा राहिला.