आळंदीला गेलेली माणसं

चाकणला आमच्या घरी मला बघायला पाहुणे यायचे, पोटभर पोहे खायचे, आणि बाजारात एक चक्कर मारली की पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. बाजारात कुणीतरी त्यांच्या कानाशी लागायचंच, "त्या घरात येड हाय." येड म्हणजे माझे काका. ते महिना-महिना अखंड बोलायचे, एकट्यानं विहीर खणायला घ्यायचे, आणि मग एकदम गोठ्यात जाऊन गप्प पडायचे. माझा त्यांच्यावर फार जीव. पण तीन स्थळं हातची गेल्यावर मलाही धास्ती बसली, आता आपलं काही खरं नाही.

मग पिंपळे गुरवचं स्थळ आलं. मुलगा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेला. हुंडा नको, चौकशी नाही, काही नाही. आबा हुरळून गेले. मला मात्र वाटलं, इथं नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

पाहुणे आले त्या दिवशी आबांनी काकांना गोठ्यात बसवलं आणि बैठकीत ठोकून दिलं, "धाकटा भाऊ आळंदीला गेलाय." मुलाचे वडील लगेच म्हणाले, "आमची थोरली लेक बी आळंदीलाच गेलीया." मी दाराआडून ऐकत होते. म्हटलं, अगं बाई, आज आळंदीत पाय ठेवायला जागा नसेल!

तेवढ्यात पोह्यांच्या वासानं काका स्वतःच बाहेर आले. अंगाला गवताच्या काड्या. पाहुण्यांशेजारी मांडी घालून बसले नि म्हणाले, "राम राम पाव्हनं. ह्या घरातला येडा मी. तुमच्यात कोन हाय?"

आबांचा चेहरा खर्रकन उतरला. मुलगा मात्र सरळ म्हणाला, "माझी थोरली भन. सासरनं परत धाडली. दोन-दोन म्हैने बोलत न्हाई."

आणि मग जी जुंपली! आबा ओरडले, "येड्यांच्या घरात पोरगी देऊ व्हय मी?" मुलाचे वडील ताडकन उठले, "आन् आमी करून घिऊ व्हय असल्या घरातली?" काका मधे बसून निवांत पोहे खात होते.

मला तो मुलगा आवडला होता. आमच्या बैठकीत खोटं न बोललेला पहिलाच पाहुणा! तो हातचा जाईल म्हणून मी लाज गुंडाळून ठेवली आणि बाहेर आले.

"आबा, शहाण्यांच्या घरातनं मला तीनदा न्हाई म्हनून झालंय. ह्यास्नी बी कुणी पोरगी दिली नसंल, म्हनून तर इथं आल्यात. आता तुमी बी एकमेकांना नगं म्हना. मग आमी जायाचं कुठं?"

मुलाचे वडील पुन्हा खाली बसले. सुपारी फुटली.

लग्नाला काका होते, वन्संही होत्या, पहिल्या पंगतीला. संसारात आम्ही भांडलो की मी म्हणायची, "झालं, तुमच्याकडचं सुरू झालं." ते म्हणायचे, "छे, हे तुझ्याकडचं." मग दोघं पोट धरून हसायचो. पुढं मला दिवस गेले आणि ती थट्टा आपोआप बंद पडली. दोन्हीकडचं मिळून पोटात काय वाढतंय, याची मला भीती वाटायची.

मुलगी झाली. चांगली गुटगुटीत. एका दुपारी पाळण्यात पडल्या-पडल्या ती आढ्याकडं बघून खुदकन हसली. लेकराचं पहिलंवहिलं हसू. वर तर काहीच नव्हतं. आम्ही दोघं पाळण्यावर वाकून तिच्याकडं बघत राहिलो, आणि आमच्यापैकी एकालाही हसू आलं नाही.